डिकीचं कुलूप

ते दोन हजार एकोणीस साल. गल्लीतली पहिली विजेवरची गाडी आजोबांच्या फाटकात उभी होती आणि तिची डिकी त्या सकाळी पुन्हा सताड उघडी होती.

"चोर असता तर काहीतरी नेलं असतं," लेक म्हणाली. "आई, संध्याकाळी तू बंद केली होतीस ना?"

"केली असणार," आजी म्हणाली.

मेकॅनिकला बोलावणं गेलं. तो आजोबांच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेला. तसं अर्ध्या गावाला गाडी आजोबांनीच शिकवली होती. त्याने गुडघे टेकून कुलपात टॉर्च मारला, तारा तपासल्या, चावीवरचं बटण दाबलं. डिकी वर गेली. पुन्हा दाबलं. झाकण आवाज न करता खाली आलं आणि खट्कन बसलं.

"कुठल्या बॅचचा रे तू?" आजोबांनी विचारलं.

"पावसाळ्यातल्या, सर."

"गाडी मागे घेताना खांबाला लावली होतीस," आजी म्हणाली. "पुढच्या खेपेला नवा शर्ट घालून आलास, तरी नापास."

"काकू, तेवढं विसरा की आता!"

"जुनं सगळं तोंडपाठ आहे तिला," लेक हळूच म्हणाली. "कालचं विचारू नका."

मेकॅनिकने डिकीतली चार्जिंगची केबल उचलली. खाली टीव्हीचा रिमोट होता. सगळं घर तो किती दिवस शोधत होतं.

"हा पण चार्जिंगला लावला होता का?" तो म्हणाला.

आजीने पटकन पुढे होऊन रिमोट घेतला. "मीच ठेवला असेल."

मेकॅनिक हात पुसत उठला. "सर, कुलूप ठणठणीत आहे. डिकी आपोआप उघडत नाहीये. कुणीतरी बटण दाबतंय."

मग आजोबा म्हणाले, "कुठल्या बॅचचा रे तू?" आणि सगळे हसले. आजी तेवढी हसली नाही. तिचा चेहरा उतरला होता.

त्यानंतर लेकीने जुन्या गोष्टी उकरून काढल्या. गॅस चालू राहिला तो? मी. नळ वाहून अंगण भरलं ते? मीच गं. गाडीची दुसरी चावी हरवली ती? तीही माझ्याच हातून.

लेक तिला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी वार विचारला. आजीने बराच विचार करून चुकीचा सांगितला. परत येताना औषधाच्या दुकानात लेकीचे डोळे भरून आले. आजीनेच तिच्या पाठीवरून हात फिरवला.

"आजपासून तू गाडीला हात लावायचा नाहीस, आई. खारूला शाळेतून बाबा आणतील."

खारू म्हणजे नात. गालात काही ना काही कोंबलेलं असायचं म्हणून खारू. हे ऐकलं आणि आजीने लेकीचा हात धरला.

"गाडीच विकून टाक," ती म्हणाली. "माझं ऐक. काहीतरी होऊन बसेल."

"तू विसरतेस म्हणून मी गाडी विकू?" आजोबा कडाडले. "काही विकायची नाही!"

चावी दाराजवळच्या खुंटीवर राहायला लागली. आजोबा निघाले की आजी चपला घालून आधीच गाडीत बसलेली असायची. येताना मागच्या सीटवर खारूला घट्ट धरून ती पुढचा रस्ता बघत राही. "अहो, लाल आहे."

"तू मला शिकवणार?"

मग तो रविवार आला. दुपारी जेवायला हाका मारल्या, तर खारू घरात नव्हती.

गच्ची पाहिली. शेजारी विचारलं. लेक पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत वाकली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. फाटकात उन्हात गाडी उभी होती. सकाळी तिची डिकी पुन्हा उघडी होती. आता ती बंद होती.

आजीने ते पाहिलं आणि ती घरात पळाली. खुंटी रिकामी होती. आरामखुर्चीत आजोबा पेंगत होते. त्यांच्या मांडीवरून घसरणारा पेपर सावरायला ती वाकली, आणि दुसऱ्या क्षणी पुन्हा अंगणात होती.

डिकी वर गेली. केबलशेजारी खारू मुटकुळं करून पडली होती. केस कपाळाला चिकटलेले, ओठ सुकलेले. लेकीने किंकाळी फोडली.

आजीने पोरीला उचलून तोंडावर पाणी मारलं. बऱ्याच वेळाने खारूने डोळे उघडले.

"मी लपले होते," ती पुटपुटली. "मग झाकण आपोआप खाली आलं. मी खूप हाका मारल्या."

लेकीची नजर आईच्या मुठीकडे गेली. मुठीत चावी होती.

"आई! तू बंद केलीस?"

आजीने एकदा दाराकडे पाहिलं. आजोबा डोळे चोळत उंबऱ्यात येऊन उभे होते. "काय झालं?" ते विचारत होते.

"हो, मीच," आजी म्हणाली. "आत बघितलंच नाही. आतातरी विका ती गाडी."

त्याच आठवड्यात गाडी गेली. मेकॅनिकनेच ती घेतली. पुढे त्याने स्वतःचं गॅरेज काढलं, आणि त्या डिकीने त्याला कधीच त्रास दिला नाही. लेक त्यानंतर कितीतरी दिवस आईजवळ खारूला एकटं सोडत नसे. खारू मोठी झाली, पण लिफ्टऐवजी अजून जिनाच चढते. आजोबा पुढली पाच वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले की बायकोच्या विसराळूपणापायी त्यांची गाडी गेली, आणि बायको अशी असूनही माणूस किती शांतपणे निभावतोय, म्हणून लोक त्यांचं कौतुक करत राहिले. शेवटी ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत वारले. आणि आजी? लेकीने तिच्यासाठी दर महिन्याला आणून दिलेल्या विस्मरणावरच्या गोळ्या, ते होते तोवर, रोज सकाळी न चुकता कुटून ती आजोबांच्या चहात घालत असे.