मासा आलाच नाही

वर्षातून एकदाच तारली माशांचा थवा किनाऱ्याजवळून जायचा. टेकडीवरून नजर ठेवायचं आणि थवा दिसताच शिट्टी फुंकायचं काम धाकट्याचं. शिट्टी ऐकली की दादासकट सगळं गाव होड्या लोटायचं. यंदा धाकटा पत्त्यांत रमला. धापा टाकत टेकडीवर पोहोचला, तोवर थवा पुढे सरकला होता. मागचा मासा अजून मिळाला असता, पण आपलं पितळ उघडं पडेल म्हणून त्याने शिट्टी खिशात टाकली. "यंदा मासा आलाच नाही," गाव हळहळलं. दादाने होडी विकून शहरात काम धरलं. बसथांब्यावर म्हणाला, "पुढच्या वर्षीही तूच बस टेकडीवर. तुझ्यासारखी नजर कुणाची नाही." धाकट्याला राहवलं नाही. "दादा, मासा आला होता. मीच जागेवर नव्हतो. दिसल्यावरही गप्प राहिलो." बस येऊन गेली. दादाने विचारलं, "केवढा होता?" "टेकडीपासून दीपस्तंभापर्यंत." दादाने डोळे मिटून घेतले.