पक्कं काम

“पुन्हा आकडा सुटला.” त्याने कानातलं काचेच्या काउंटरवर टाकलं. “तिसऱ्यांदा. मॅडम, तुम्ही दागिने घडवता की खेळणी?”

शेजारी एक जोडपं लग्नाच्या अंगठ्या घालून बघत होतं. मुलीने बोटातली अंगठी उतरवली आणि इकडे कान दिला.

ताईने भिंग डोळ्याला लावलं. स्टुडिओत येणारे सगळे तिला ताईच म्हणत. चांदीचं लांबट पान, पाठीवर तिचा ठसा. पान धडधाकट होतं. बिघडला होता तो आकडा, कानाच्या भोकात अडकवायची वाकडी तार. वापरून सैल झालेली तार बाजूला फाकते. ही सरळ खाली ओढली गेली होती. वाकवलेल्या जागी ताणून बारीक झाली होती.

ताईने त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. बायकोने घाईने केस कानावर ओढले, पण दिसायचं ते दिसलंच. भोक कसलं, उभी चीर होती ती. खाली पाळीचा जेमतेम काठ उरला होता.

त्याचा फोन वाजला. तो बोलत बोलत दाराबाहेर गेला, तशी बायको पटकन पुढे आली.

“ताई, आकडा आहे तसाच नाजूक ठेवा.”

“अहो, पुन्हा सुटेल.”

“सुटू दे की.” एखादी पिशवी मागावी तसं ती ओशाळून हसली. “त्यांचा हात कानाकडे गेला ना, की आधी आकडा सुटतो. कान वाचतो.”

ताईने विचारलं, “मग घालताच कशाला?”

“नाही घातलं तर विचारतात, का नाही घातलं.”

तो आत आला. “काय ठरलं? जमत नसेल तर तसं सांगा. कोपऱ्यावरचा माणूस मशीनवर करून देतो. पुन्हा तोंड बघावं लागत नाही त्याचं. तुमचं आपलं हाताने घडवलंय, हाताने घडवलंय. हाताने घडवलेलं टिकायला नको?”

जोडप्यातल्या मुलाने अंगठ्यांचा ट्रे हळूच मागे सरकवला. “आपण जरा दुसरीकडेही बघू,” तो मुलीला म्हणाला.

ते मात्र ताईच्या जिव्हारी लागलं.

“बसा,” ती म्हणाली. “तुमच्यासमोर करून देते. हा सुटला तर मी हातोडी खाली ठेवेन.”

बायको तिच्याकडे बघत राहिली. ताईने तिकडे पाहिलं नाही. तिने जुनी तार कापून टाकली आणि जाड तार घेतली. पक्कडीत धरून पिळली, डाख लावून ज्योतीवर पानाला जोडली, मग ऐरणीवर ठोकली. ठोकली की चांदी कडक होते. एकदा तिच्या मनात आलं, दोन ठोके कमी द्यावेत, तार मऊ सोडावी. कुणाला कळणार? मग वाटलं, कळेल. हा पुन्हा येऊन हेच काचेवर टाकेल, चार लोकांत. कान तिचा असला तरी मागचा ठसा आपला आहे. घर त्यांचं, भांडण त्यांचं. तिने आणखी ठोके दिले. मग तारेच्या टोकाला एक कडी बसवली. लागली की आपणहून न उघडणारी.

त्याने आकडा दोन्ही हातांत धरून सगळा जोर लावून ओढला. काही झालं नाही.

“याला म्हणतात काम!”

स्वतःच्या हाताने त्याने ते बायकोच्या कानात घातलं. कडी खट्‌कन लागली. “मान हलव बघू.”

तिने मान हलवली. पान डोललं, उजेडात चमकलं.

“किती गोड दिसतंय,” जोडप्यातली मुलगी म्हणाली. तिने ट्रे परत पुढे ओढला. ताईने तिच्या बोटाचं माप घ्यायला घेतलं. दार उघडल्याचा आवाज आला, लागल्याचा आला. तिने मान वर केली नाही. दिवसभर मात्र ती खुशीत होती. हात चांगला चालला होता.

पुढच्या महिन्यात तो एकटाच आला. खिशातून रुमालाची पुडी काढून त्याने या वेळी ती काउंटरवर अलगद ठेवली, उलगडली. आत तेच पान. आकडा जागच्या जागी, कडी लागलेली.

“याचं लॉकेट करून द्या,” तो म्हणाला. “कानात घालायची सोय राहिली नाही आता. टाके पडलेत. पण तुमचं मानलं हं. आकडा तसूभरही हलला नाही.”

ताईने पान उचललं. तारेच्या पिळात काहीतरी काळपट वाळून बसलं होतं. स्टुडिओत दुसरं कुणी नव्हतं. बोलायचं तर आत्ता बोलता आलं असतं. तिने ओठ उघडले. तो वाट बघत होता, अगदी अदबीने.

“साखळी केवढी करू?” तिने विचारलं.

तो जरा विचारात पडला. मग त्याने दोन्ही हात पुढे केले, अंगठ्याला अंगठा आणि बोटांना बोटं लावून हवेत एक गोल धरला.

“एवढी.”

ताईने मापाची फीत काढली आणि त्याच्या हातांच्या आतून फिरवली.