मूळव्याधीच्या पाटीखाली

तळोज्याच्या कारखान्यातली पहिली पाळी संपवून जगन पनवेलला उतरला. वैद्याच्या दवाखान्याशी आला, तर पायरीवर त्याची वहिनी जनी बसलेली. वर पाटी होती : मूळव्याधीवर खात्रीचा इलाज.

"ऊठ वयनी. मला आत जायचंय."

"नाय उठणार. दोन म्हयने झाले, तुला संडासला रगत पडतं. कपडे तुजी बायको धुते. तिनंच सांगितलं मला."

शेजारच्या एसटीडी बूथवरची माणसं वळून बघू लागली. जगनचे कान तापले.

"हळू बोल."

"तुजा भाऊ हळूच बोलला. वरीसभर ही पायरी चढला, पुड्या खाल्ल्या. आतड्याचा कॅन्सर हाय हे कळलं तवा पोट फुगून आलं होतं, वाचला नाय. आता मी मोठ्यानंच बोलणार."

आवाज ऐकून वैद्य बाहेर आले. "बाई, पेशंटची वाट अडवू नका. त्यांना मूळव्याधच आहे."

"तपासलंत? आतून बोट घालून बघितलंत, का नुसतं विचारून पुडी दिलीत?"

वैद्य चष्मा काढून पुसू लागले. जगन त्यांच्या तोंडाकडं बघत राहिला. मग त्यानं मागं पाहिलं. रस्त्यावर दहाबारा माणसं जमली होती. लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"चल," तो म्हणाला.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बिणीतून तपासणी झाली. आतड्यात सुपारीएवढी गाठ निघाली. अजून कुठं पसरली नव्हती. ऑपरेशन करून काढली, आणि महिन्याभरात जगन आपल्या पायांनी घरी आला.

निघताना डॉक्टर जनीला म्हणाले होते, "वेळेत आणलंत. पण एका घरात दोन भावांना झालंय. बाकीच्या भावंडांनीही तपासून घ्यायला हवं. रक्त दिसायची वाट बघू नका."

पुढच्या सोमवारी डॉक्टर दवाखान्यात आले, तेव्हा बाहेरच्या बाकावर जनीचे थोरले दीर बुधा आणि काशिराम खाली मान घालून बसले होते. शेजारी नणंद, पदर तोंडावर ओढून. जनी दाराशी उभी होती.

"यांना काय त्रास आहे?" असं डॉक्टरांनी विचारायच्या आतच ती म्हणाली, "तिघंबी म्हणतात, आमाला कायबी होत नाय. म्हणूनच आणलेत."