सातवा टाका

हे कोणी खरं मानणार नाही. मानूच नका. पण तुमच्या शर्टाची काजं अजून व्हायची आहेत आणि बाकावर बसलाच आहात, तर ऐकून घ्या. मागे इस्त्री करते आहे ती बाई मध्येच खाकरेल. तिकडे लक्ष द्यायचं नाही.

एक शिंपी होता. हात एवढा सफाईदार, की त्यानं रफू केलेला सदरा पाहून गिऱ्हाईक म्हणायचं, "हा माझा नव्हेच, माझा फाटलेला होता." खोड एकच. कोणी काही मागितलं की म्हणायचा, "शुक्रवारी देतो." कुठला शुक्रवार, ते सांगायचा नाही.

एका मंगळवारी, भर दुपारी फोन वाजला. शिंप्याचा पाय मशीनवर, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये. मशीनच्या खडखडाटात पहिलं वाक्य गेलं. दुसरं तेवढं ऐकू आलं.

"टाके घालावे लागतील," एक बाई म्हणत होती. "तुम्हाला यावं लागेल."

"आम्ही बाहेर जाऊन शिवत नाही, बाई. इकडेच पाठवा. फाटलंय कुठं?"

"कपाळावर."

"कशावर?"

"कपाळावर हो! भुवईच्या वर."

शिंप्याचा पाय थांबला. मशीन थांबलं. मग बाकीचं ऐकू आलं. बाई दवाखान्यातली सिस्टर होती. शिंप्याची सात वर्षांची पोरगी शाळेच्या जिन्यावरून पडली होती. बटणाएवढी होती, म्हणून तो तिला गुंडी म्हणायचा.

"शुद्धीवर आहे ना?"

"आहे. पण रक्त बरंच गेलंय. डोळ्याला काही झालंय का, ते डॉक्टर बघतायत." सिस्टरचा आवाज चढला. "फ्रॉकची दुमड उसवलेली, त्यात पाय अडकला. शिवून तरी घालायचा पोरीला! घरात कोणाला सुई धरता येत नाही का?"

शिंप्यानं फोन ठेवला. ठेवला म्हणजे, जिथं ठेवला तिथं कात्री होती.

आठ दिवस गुंडी तो फ्रॉक घेऊन मशीनपाशी येत होती. "बाबा, एवढीच दुमड." आणि आठही दिवस शिंप्यानं तिला तेच सांगितलं होतं, जे तो सगळ्यांना सांगायचा.

आता पुढचं तर मुळीच पटणार नाही.

शिंपी जो उठला तो धावतच सुटला. गळ्यात टेप, कॉलरला टोचलेली सुई. मशीनवरचा दोरा शर्टाच्या बटणात अडकलाय, याचाही पत्ता नाही. तो पुढे पळतोय, मागे रीळ सुटतंय. रस्त्याच्या या कडेला गाडी मिळेना म्हणून त्या कडेला, तिथं मिळेना म्हणून परत या कडेला. असं करता करता दोन्ही फूटपाथ एकमेकांना शिवले गेले. पोलीस संध्याकाळपर्यंत उसवत बसले होते. धावदोरा म्हणतात तो हाच.

हसा. शिंपी हसत नव्हता. तो पळता पळता पोरीचं कपाळ आठवायला बघत होता. सकाळी शाळेत जाताना ती दारातून वळली होती, तेव्हाचं. काही केल्या ते डोळ्यांपुढे येईना. दरवेळी फ्रॉकची लोंबणारी कडच दिसायची.

दवाखान्याच्या खिडकीत एक माणूस बसला होता. "पेशंटचं नाव?"

शिंप्यानं तोंड उघडलं. नाव येईना. सात वर्षं घरात दुसऱ्या नावानं हाकच मारली नव्हती.

"गुंडी," तो म्हणाला.

माणसानं त्याच्या गळ्यातली टेप पाहिली. "गुंडी तुटली असेल तर बाजारात जा, बाबा. हा दवाखाना आहे."

तेवढ्यात आतून पोरगी ओरडली. एकदाच. मग काहीच ऐकू आलं नाही. ते काहीच ऐकू न येणं ओरडण्याहून वाईट होतं.

शिंपी ताडताड आत गेला. डोळा शाबूत होता. डॉक्टरांचे सहा टाके घालून झाले होते आणि ते घाम पुसत होते. म्हणाले, "सातवा टाका फार नाजूक जागी आहे. माझा हात धजत नाही." शिंप्यानं त्यांना बाजूला सारलं. कॉलरची सुई काढली, एका झटक्यात दोरा ओवला आणि टाका असा घातला, की आजही शोधून सापडायचा नाही. पोरीनं हूं की चूं केलं नाही. बापाचा हात लागला म्हटल्यावर...

"सापडणारच नाही," मागून आवाज आला.

इस्त्री खाली टेकली. गुंडी बाकापाशी आली, केस मागे सारले आणि भुवईवरचा व्रण तिनं गिऱ्हाइकासमोर धरला.

"मोजा. सहाच आहेत. बाबा आत आलेच नव्हते."

"तू सात वर्षांची होतीस," मी म्हणालो. "तुला काय आठवतंय!"

"सिस्टरनं माझा फ्रॉक तुमच्याकडे बाहेर दिला. तुम्ही तो मांडीवर घेऊन पडद्यापलीकडे जमिनीवर बसलात. मला कुशीवर झोपवलं होतं, पडद्याखालून तुमचे हात दिसत होते. एका हातात सुई, एका हातात दोरा."

तिनं केस पुन्हा कपाळावर ओढले.

"मला सहा टाके पडले, बाबा. तेवढ्या वेळात तुम्हाला दोरा ओवता आला नाही."