चार बोटं वर

"और ऊपर लो, रईस भाई," मधुकरराव म्हणाले.

रईस मिस्त्रीने जॅकवर उचललेल्या गाडीच्या कुशीतून मान बाहेर काढली. "अंकल, इससे ऊपर की तो कार नहीं, ट्रैक्टर लगेगी."

"लगने दो."

पुढचं चाक काढलेलं होतं. आत स्प्रिंग आणि शॉकअप एकातच बसवलेले, नळीला आटे आणि आट्यांवर दोन रिंगा. खालची सैल करून वरची पान्याने चढवली की त्या कोपऱ्यात गाडी उचलली जाते, उतरवली की बसते. संकेतने हे कॉइलओव्हर मोठ्या हौसेने इंदूरहून आणवले होते आणि गाडी इतकी खाली घेतली होती, की टायर आणि मडगार्डमध्ये जेमतेम एक बोट शिरायचं. मधुकररावांनी तेव्हा मुलाला चांगलंच फैलावर घेतलं होतं. बाप जन्मभर स्कूटरवर टी. टी. नगरच्या ऑफिसात गेला, आणि चिरंजीव जमिनीला पोट घासत हिंडणार!

घासायचीच ती. कोटरा भागात त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक ब्रेकर आहे, कॉलनीवाल्यांनी स्वतःच सिमेंट ओतून केलेला, नको तेवढा उंच. संध्याकाळी मंडीदीपच्या कारखान्यातून संकेत परतला, की गाडीचं पोट त्यावर खर्रकन घासायचं आणि अख्ख्या गल्लीला कळायचं. त्याची आई मंदाकिनीबाई तवा चढवायच्या, ताटं घ्यायच्या. तो आल्याशिवाय या घरात कुणी जेवायला बसत नसे.

फेब्रुवारीत साध्या तापाचं निमित्त झालं आणि संकेत गेला. दारात उभी गाडी बघवेना, म्हणून पुढच्या गल्लीतल्या परीक्षितला विकून टाकली. परीक्षितही मंडीदीपलाच कामाला. तोही संध्याकाळी त्याच रस्त्याने, तोच ब्रेकर ओलांडून घरी येणार, हे काही कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी तो आवाज आला आणि मधुकररावांनी हातातला पेपर खाली ठेवला. आत तवा चढला. मंदाकिनीबाईंनी तीन ताटं मांडली. "आला. चला जेवायला," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज तेच. खर्र झालं की तिसरं ताट. वरण, भात, पोळी, कडेला लसणाची चटणी. रिकाम्या खुर्चीपुढे ताटातून वाफ निघत राही. मधुकरराव मान खाली घालून जेवत. एखाद्या दिवशी वाटे, खुर्ची किंचित सरकली. वर बघायची छाती होत नसे, आणि बायकोला विचारायची तर त्याहून नाही. मुलगी मंजूषा पुण्याहून फोनवर रडायची, "बाबा, आईला डॉक्टरला दाखवा हो." त्या शब्दानेच त्यांना धडकी भरे. मुलगा गेलाच होता, आता बायकोही डोळ्यांदेखत हातातून निसटत चालली होती. तिला वाचवायचं तर तो आवाज बंद व्हायला हवा, एवढं त्यांना पक्कं कळत होतं.

म्हणून रविवारी सकाळीच त्यांनी परीक्षितला गाठून गॅरेजमध्ये आणलं होतं. तो भला माणूस, लगेच तयार झाला. पण आता रईसने पाना पुन्हा रिंगेला लावला, तशी त्याची चुळबुळ सुरू झाली.

"काका, एक सांगू? गाडी घेतली तेव्हाच मी वर करणार होतो. मलाही रोजचं घासणं सहन होत नाही यार. पण काकू स्वतः घरी आल्या होत्या. म्हणाल्या, आहे तशीच राहू दे रे बाबा."

मधुकरराव गाडीकडे वळले. प्रकरण इतकं पुढे गेलं होतं तर.

"तिच्यासाठीच करतोय मी हे," ते म्हणाले. "रईस भाई, चढ़ाओ."

रईसने चारही कोपऱ्यांतल्या रिंगा चढवल्या, चाकं लावली, गाडी उतरवून जरा पुढेमागे ढकलली आणि स्प्रिंगा बसू दिल्या. मग टायरवर हात ठेवला. चार बोटं आरामात मावली. "अब नहीं घिसेगी," तो म्हणाला. मधुकररावांनीही बोटं घालून पाहिली. पोराने हौसेने केलेलं आपण उभं राहून मोडून घेतलं, असं वाटून त्यांना रडू आलं. त्यांनी उगाचच चष्मा पुसला.

सोमवारी संध्याकाळी ते खिडकीशी बसले. गाडी आली. ब्रेकर चढली, उतरली आणि जराही आवाज न करता पुढे गेली. मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मंदाकिनीबाई बराच वेळ स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. मग आत गेल्या आणि दोनच ताटं घेऊन आल्या. मधुकररावांचा जीव भांड्यात पडला. सुटली! सुटली बिचारी यातून.

"बसा," त्या म्हणाल्या.

ते बसले. पोळी वाढली गेली. वरणावर तूप पडलं.

"थांब जरा. येऊ दे त्याला."

मधुकररावांनी दचकून दाराकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. दोघांखेरीज घरात कुणी नव्हतं. मंदाकिनीबाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"तुम्हीच बोललात," त्या हळूच म्हणाल्या. "रोज म्हणता. गाडी घासली की मी त्याचं ताट वाढायचे, आला म्हणायचे, तेव्हा कुठे तुम्ही पहिला घास घ्यायचात." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "आता काय सांगून जेवायला घालू हो तुम्हाला?"