सेसिलीची टेप

"जरा मोठ्याने बोला हं," नोलीनने पाहुण्यांना दारातच सांगून टाकलं. "लाइलला हल्ली एकदा सांगून ऐकू येत नाही. मंगळवारी नेतेय त्याला कानाच्या डॉक्टरकडे."

आत तिच्या नवऱ्याच्या, लाइलच्या, हातातली रेकॉर्ड हातातच राहिली. बाकी काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण आज, आणि या चौघांना?

लॉन्सेस्टन शहरातल्या, लाइलच्याच श्रवणमंडळाचे ते चौघे. अकरा वर्षं दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी कुणा ना कुणाच्या घरी जमायचे. रीत ठरलेली होती. यजमानाने तीन तुकडे ऐकवायचे, काय वाजतंय ते आधी सांगायचं नाही, वाजत असताना कुणी बोलायचं नाही. स्पीकरांच्या बरोबर मधली खुर्ची डेसची. डेसने चाळीस वर्षं पियानो सुरात लावण्याचं काम केलेलं. त्याने "बरोबर आहे" म्हटलं की प्रश्न मिटला. फक्त अकरा वर्षांत त्याने ते कुणालाच म्हटलं नव्हतं.

"कानाचा डॉक्टर?" डेस खुर्चीत बसत हसला. "लाइल, लेका, ऐकू येत नसताना स्पीकर बनवलेस? कमाल आहे तुझी!"

सगळे हसले. लाइलही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. चार वर्षं गॅरेजमध्ये खपून त्याने ते स्पीकर बनवले होते. ब्लॅकवुड लाकडाची खोकी स्वतः रंधा मारून घडवली होती, आतलं सर्किट किती वेळा उसवलं आणि जोडलं याची गणती नव्हती. काय ऐकवायचं ते निवडण्यात तीन आठवडे गेले होते. आधी एकटा खर्जातला डबल बास, मग पियानो, शेवटी दोनशे गळ्यांचा कॉयर. छाती दडपून टाकायची सगळ्यांची, असा बेत होता.

डबल बास वाजला. जमिनीतून पायांपर्यंत आला. चौघांतल्या ट्रेव्हरने मान डोलावली. डेसने डोळे उघडले.

"गोड आहे. पण खरा आहे का? तो माणूस वाजवत होता तेव्हा आपण कुठे तिथे होतो?"

मग पियानो. डेसने ओठ मुरडले. "वरच्या तारा उतरल्यात. आता पियानोच्या उतरल्यात की तुझ्या स्पीकरच्या, कोण सांगणार?"

लाइलने तिसरी रेकॉर्ड पाकिटातून काढली आणि तो थबकला. दोनशे जणांचा कॉयर लावला तरी डेस हेच म्हणणार होता. म्हणणं खोटंही नव्हतं. त्याने रेकॉर्ड परत पाकिटात सरकवली, सगळ्यात खालचा खण उघडला आणि एक टेप काढली. ती त्याने कधी कुणाला ऐकवली नव्हती.

आधी नुसता चमचा पातेल्यावर आपटल्याचा आवाज. मग एक बाई म्हणाली, "सेसिली, साखर आधी नाही घालायची. आधी प्लम शिजू देत." मग ती ढवळता ढवळता काहीतरी गुणगुणायला लागली, मधेच एक सूर चुकला, स्वतःशीच हसली.

ट्रेव्हरने भुवया उंचावल्या. जॅमची कृती? डेस मात्र डोळे मिटून बसला होता.

"सेसिलीची टेप!" तोच आवाज म्हणाला.

ट्रेव्हरने डाव्या स्पीकरकडे पाहिलं. डेसने डोळे उघडून दोन्ही स्पीकरांच्या मधे पाहिलं. तिथे भिंत होती. मग सगळ्यांच्या माना वळल्या. दारात नोलीन उभी होती, हातात चहाचा ट्रे घेऊन.

"माझ्या बहिणीसाठी भरलेली," ती म्हणाली. "तिची नजर गेली ना, म्हणून कृती बोलून टेपची नक्कल पर्थला पाठवली होती. लाइल, ही अजून आहे तुझ्याकडे?"

"नोलीन," डेस हळूच म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण. सेसिली."

"सेसिली. का रे, आता तुलाही ऐकू येईना?"

डेसने लाइलला टेप पहिल्यापासून लावायला सांगितली. पुन्हा ऐकली. एकदा दाराकडे बघितलं, एकदा स्पीकरांकडे.

"बरोबर आहे," तो म्हणाला.

लाइलची छाती अशी फुगली की शर्टाची बटणं ताणली. चार वर्षं दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडून भडाभडा बाहेर पडलं. "डेस, 'स' सगळ्यात अवघड. जरा चुकला की चिरका तरी होतो, नाहीतर बोबडा. मी सर्किटमध्ये काही बदललं की धावत स्वयंपाकघरात जायचो. ही म्हणायची, सेसिलीचा फोन आला होता. मी विचारायचो, कुणाचा? ही परत सांगायची. तो आवाज कानात धरून तसाच गॅरेजमध्ये पळायचो, आणि टेप लावून बघायचो."

नोलीनने ट्रे टेबलावर ठेवला.

"म्हणजे तुला पहिल्यांदाच ऐकू यायचं?"

"शब्द न् शब्द."

"मग पन्हळीतला पाला काढ म्हणून दोन वर्षं सांगतेय, ते?"

मंडळ खो खो हसलं. लाइल हसला नाही. मंडळासमोर असं काही बोलायची त्याची पद्धत नव्हती, पण आज तो कुणालाच लाजणार नव्हता.

"तेही ऐकलं. तुझा आवाज जसाच्या तसा आल्याशिवाय स्पीकर घरात आणायचे नाहीत, असं ठरवलं होतं मी. त्या आवाजाइतकं चांगलं मी दुसरं काही ऐकलेलं नाही."

डेसने मधली खुर्ची रिकामी केली. नोलीन तिच्यात बसली, अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिने कमरेला खोचलेल्या हातपुसण्याला हात पुसले, डोळ्यांनाही लावलं. मग लाइलकडे पाहून कानामागे हात धरला.

"काय म्हणालास? पुन्हा एकदा सांग."