विरोधात एक

"नव्याण्णव," ग्रामसेवकानं सह्या तिसऱ्यांदा मोजून सांगितलं. "शंभर लागतात. पाचपर्यंत झाले नाहीत तर सभा तहकूब. आणि ठराव उद्या वर पोहोचला नाही, तर योजना जाते शेजारच्या गावाला."

सरपंचबाईनं घड्याळ पाहिलं. साडेचार वाजून गेले होते. शाळेच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून, अंग चोरून बसली होती. ठराव घरोघरी चोवीस तास पाण्याचा होता. आत्ता एकेका गल्लीला दिवसाआड वीस मिनिटं पाणी यायचं.

"गावात उरलंय कोण?"

"आजारी आहेत ते. परगावी गेलेत ते." ग्रामसेवक खिडकीबाहेर बघू लागला. "आणि तुमचे सासरे."

खिडकीतून टाकी दिसत होती. टाकीखालच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्याशी सासरे उकिडवे बसले होते. एकतीस वर्षं गावाचं पाणी तेच सोडत होते. योजना आली की तो खड्डा बुजणार होता.

"मी काय म्हणतो," ग्रामसेवकानं आवाज खाली आणला, "घरचंच माणूस आहे. काकांची सही मी ठोकून देतो. कोण विचारतंय?"

"ते विचारतील," ती म्हणाली आणि पायात चपला सरकवून बाहेर पडली.

सासऱ्यांनी व्हॉल्व्ह फिरवायच्या लोखंडी चावीच्या दांड्याला कान लावला होता. जमिनीखालचं पाणी कसं चाललंय ते त्यांना ऐकून कळायचं. मान वर न करताच ते म्हणाले, "या, सरपंचबाई. किती झाले?"

"नव्याण्णव."

"अरेरे. थोडक्यात राहिलं."

"बाबा, टोमणे घरी मारा."

"टोमणा नाही. मी आलो तर माझं काम जातं. नाही आलो तर गावात तुझं नाक कापलं जातं. मला दोन्ही नको. म्हणून इथं बसलोय. इथं बसलं की निदान चौथ्या गल्लीला पाणी तरी मिळतं."

ती खड्ड्याच्या कडेला बसली. "मी तुम्हाला न्यायला नाही आले. एवढंच सांगायचं होतं, की इथं बसून तुम्ही जो विरोध करताय ना, तो कुठेच लिहिला जाणार नाही. वहीत येईल, की माणसं पुरेशी नव्हती. कुणाला काय पटलं नव्हतं, ते येणार नाही."

"आणि आलो तर?"

"तर योजना मंजूर होईल. पण तुम्ही जे बोलाल ते शब्द न् शब्द लिहून घेईन."

"म्हणजे हरायचं, पण सुवाच्य अक्षरात."

तिला हसू आलं. "हो."

"तुझ्या सासूनंही मला इतक्या गोडीनं कधी गुंडाळलं नाही."

"गुंडाळत नाहीये. नाही आलात तरी संध्याकाळचा चहा मीच देणार आहे."

त्यांनी पुन्हा दांड्याला कान लावला. "चौथ्या गल्लीची सहा मिनिटं राहिलीत."

ती थांबली. सहा मिनिटं भरली. मग त्यांनी साडेनऊ आटे मोजून व्हॉल्व्ह बंद केला, हात पुसले आणि तिच्या पुढे चालू लागले.

पाचला चार मिनिटं कमी असताना ते शंभरावी सही करत होते. आधी त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काका, जरा लवकर," ग्रामसेवक म्हणाला.

"एकतीस वर्षं गावानं माझी वाट बघितलीय. आणखी अर्धं मिनिट बघेल."

तिनं ठराव वाचला. कुणाला बोलायचंय का, असं विचारलं. सासरे उभे राहिले.

"नकाशात तिसऱ्या गल्लीच्या चढावर हवा काढायचा व्हॉल्व्ह नाही. पाइपात हवा अडकली की वरच्या चार घरांना नुसती सूं सूं ऐकू येईल, पाणी नाही येणार. इंजिनिअरसाहेब गाडीतून येऊन गेले. गाडीत बसलं की चढ कळत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. त्या चार घरांपैकी एका घरात राहणारी शिंपीणबाई मात्र हसली नाही. तिनं सरपंचबाईकडे बघितलं.

"हवेचा व्हॉल्व्ह ठरावात घाला," सरपंचबाईनं सांगितलं. ग्रामसेवकानं ओळ वाढवली. "घातला. आता, बाबा?" तिनं विचारलं.

"आता बरी झाली योजना," सासरे म्हणाले. "तरी माझा विरोध."

"कारण?"

त्यांचा आवाज मघापेक्षा लहान झाला. "मला ते काम आवडतं."

कुणी हसलं नाही. ग्रामसेवकानं हळूच विचारलं, "हे असं लिहू?"

"जसं म्हणाले तसं."

मग तिनं मत मागितलं. "ठरावाच्या बाजूनं?" भराभर हात वर गेले. पहिला शिंपीणबाईचा होता.

"विरोधात?"

सासऱ्यांचा उजवा खांदा चाव्या फिरवून फिरवून कामातून गेला होता, तो हात कानाच्या वर जात नसे. त्यांनी बाकावर बसूनच डावा वर केला, अगदी सरळ. ग्रामसेवक अजून त्यांचं कारण लिहीत होता. अक्षर नीट यावं म्हणून सावकाश लिहीत होता. सासऱ्यांचा वर केलेला हात भरून आला, तरी खाली आला नाही. सरपंचबाईही 'झालं' म्हणाली नाही.

शेजारच्या बाकावरच्या शिंपीणबाईनं त्यांच्याकडे न बघता आपला तळवा त्यांच्या कोपराखाली धरला आणि लिहून होईपर्यंत तो हात तसाच वर तोलून ठेवला.